डोळ्यातलं शिंग

आमच्या घरात सध्या लेसर या शब्दाने धुमाकूळ घातलाय. भाची ऐरोलीला आयटीत आहे, चष्मा मायनस साडेपाच, पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या पुलावर काचा धुवून निघाल्या की इंडिकेटर दिसत नाही आणि कुठली गाडी हे शेजारच्याला विचारावं लागतं, तर ती एका रविवारी जेवताना म्हणाली, मामा मी लासिक करून घेतेय, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेसरचं ऑपरेशन. यावर आई म्हणाली, अगं त्यात काय, माझं झालंय की लेसर, दुसऱ्या दिवशी भाजी निवडत होते. आणि समोरच्या काकू, ज्या नेमक्या अशाच वेळी वाटी परत द्यायला येतात, त्या म्हणाल्या की त्यांच्या दिरांचंपण लेसर झालं पण त्यांचा चष्मा काही गेला नाही बाई.

आता गंमत बघा. आईचा होता मोतीबिंदू, आणि तिला केलं होतं फाको, म्हणजे अल्ट्रासाउंडने आतलं धुरकट झालेलं भिंग फोडून ओढून घेतात आणि नवं बसवतात, तिच्या केसमधे लेसरचा संबंध शून्य. काकूंच्या दिरांना शुगर, त्यांच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर लेसर मारलं होतं, ते खरं लेसर पण ते असलेली नजर टिकवायला, नंबर घालवायला नव्हेच. आणि भाचीचं तिसरंच. पण आपल्याकडे डोळ्याचं ऑपरेशन विनाटाका आणि विनामुक्काम झालं की ते लेसर, विषय संपला. आईला हे समजावायला गेलो तर म्हणाली, मग डॉक्टरांनी एवढे पैसे कशाचे घेतले?

बरं उच्चाराचंही एकमत नाही. एका पाटीवर लासिक, दुसऱ्या पाटीवर लेसिक, तिसरीवर 'लासिक लेसर', म्हणजे एटीएम मशीनसारखाच प्रकार, कारण लासिकमधला ल हा लेसरचाच आहे. शाळेत सायन्सला लसिका शिकलेलो असल्यामुळे माझा आपला उगाच तिकडे गोंधळ.

ऑपरेशनच्या दिवशी मी सोबत गेलो. गोखले रोडच्या गर्दीतून रिक्षाने, पोचायला लागला त्यापेक्षा ऑपरेशनला कमी वेळ लागला हे वेगळं. तर तिथे सहीसाठी फॉर्म दिला त्यावर पूर्ण नाव होतं, लेसर-असिस्टेड इन सिटू केराटोमिल्युसिस. एवढं लांब नाव वाचून माणूस तसाच घाबरेल. मी बाहेर बसून मोबाईलवर खोदत बसलो, दुसरं करणार काय.

केरास म्हणजे ग्रीकमधे शिंग. मिल्युसिसच्या मागे जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ कोरणं, तासणं. म्हणजे भाची आत शिंग तासून घेत होती! बुबुळावरचा जो पारदर्शक पडदा, कॉर्निया, तो जुन्या लोकांना पातळ घासलेल्या शिंगासारखा वाटला असणार म्हणून हे नाव, कॉर्नियासुद्धा लॅटिनमधल्या शिंगावरूनच आलाय. आणि पार्लरमधे केसांना केराटिन करतात तेही याच शिंगाचं. आणि आपलं शिंग संस्कृत शृंगातून आलेलं, ते आणि ग्रीक केरास लांबचे चुलतभाऊ निघतात. मला तर एकदम तो फॉर्म घरचा वाटायला लागला.

पण खरी मजा इन सिटूमधे आहे. त्याचा अर्थ जागच्या जागी. हे वेगळं सांगायची वेळ का आली, तर आधी जागच्या जागी होत नव्हतं. होसे बाराकेर नावाचे डॉक्टर होते, कोलंबियात बोगोटाला, केराटोमिल्युसिस हा शब्द त्यांचा. ते कॉर्नियाची चकती कापून बाहेर काढायचे, गोठवायचे, आणि चक्क लेथवर घासून आकार देऊन परत शिवायचे. लेथ! माझे बाबा वागळे इस्टेटमधे तीस वर्षं लेथवर होते, त्यांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, मायक्रॉनचं काम आहे, हात पाहिजे.

लेथ गेला तो लेसरमुळे. आणि इथे आपला एक माणूस येतो, मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन, आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या लॅबमधे होते. 1981 च्या नोव्हेंबरमधे थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणातली उरलेली टर्की त्यांनी लॅबमधे नेली आणि तिच्यावर एक्सायमर लेसर मारून पाहिलं. 193 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. नेमकं तेवढंच कापलं गेलं, आजूबाजूला भाजलंबिजलं काही नाही. (आपल्याकडे उरलेल्याची फोडणीची पोळी होते, एवढंच.) मग 1990 च्या सुमारास ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या पॅलिकारिस या डॉक्टरांनी पापुद्रा आणि लेसर एकत्र आणलं आणि लासिक हे नाव पडलं. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्याचा वरचा पापुद्रा एका बाजूला चिकटलेला ठेवून उचलायचा, खालचं लेसरने तासायचं, मायनसवाल्यांचा मधला भाग थोडा चपटा करायचा, पापुद्रा परत झाकायचा, टाका नाही काही नाही, तो आपला आपण बसतो.

भाची बाहेर आली ती काळा गॉगल लावून. पहिलं वाक्य, मामा, केस जळल्यासारखा वास येत होता. मला बरं वाटलं, शिंगाला वास येणारच, असं मी म्हणणार होतो पण तिचा चेहरा बघून गप्प बसलो. तसंही कॉर्नियात खरं शिंग नसतं, असतं मुख्यतः कोलॅजन नावाचं दुसरंच प्रथिन.

आता माझी चूक. डॉक्टर बाहेर आले तसा मी विचारलं, मीपण करून घेऊ का, सेहेचाळीस पूर्ण आहेत, पेपर हात लांब करून वाचावा लागतो. ते म्हणाले, लांबचा नंबर नाही ना तुमचा, मग ही चाळिशी आहे, आतलं भिंग कडक झालंय, लासिकमधे आम्ही तासतो ते पुढचं. एक डोळा लांबचा एक जवळचा असं करता येतं, पण सगळ्यांना ते सोसत नाही, चष्मा घ्या सरळ.

घरी येऊन हे सांगितलं तर आई म्हणाली, या वयात शिंगं मोडून वासरात शिरायला निघालास होय रे?

मी पाच मिनिटं हसत होतो, तिला कळेना काय झालं.

संध्याकाळी थेंबांचं वेळापत्रक वाचायचं होतं. भाचीला स्क्रीन आणि बारीक अक्षर दोन्ही बंद. मी कागद लांब धरला, अजून लांब धरला, चष्मा क्लिनिकमधेच राहिला होता. शेवटी आईने फ्रिजवरून स्वतःची चाळिशी उचलली, नाकावर चढवली आणि वाचायला लागली, दर चार तासांनी एक थेंब, डोळे चोळू नयेत, आणि हे काय लिहिलंय रे, डॉक्टरांचं अक्षर.