मेगान्युराचा पंख, पूर्ण आकारात: नोंद चौथी

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की गणपतीच्या आत पहिला पंख पुरा करतो. केला. फक्त ज्या बाजूचा करायला घेतला होता, त्या बाजूचा झाला नाही. ते कसं, ते पुढे सांगतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी एका जीवाश्म कीटकाचे पंख प्लास्टिक आणि तारेतून खऱ्या मापाचे बनवतोय. प्राणी मेगान्युरा मोनी, आपल्या चतुराचा फार दूरचा भाऊबंद. काळ कार्बोनिफेरसची अखेर, साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीचा. गाव फ्रान्समधलं कोमाँत्री, तिथली कोळशाची खाण. १८८० मध्ये सापडला आणि शार्ल ब्राँन्यारने १८८५ मध्ये मेगान्युरा हे नाव दिलं. पंख पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ६५ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे एकेक पंख फूटभराहून थोडा जास्तच. त्या खाणीतले जीवाश्म निगुतीने जमवणारा इंजिनिअर हेन्री फेयॉल. हो, बारावी कॉमर्सला ज्याची चौदा तत्त्वं घोकली तोच. मला त्यातलं एकही आता आठवत नाही, पण दगड फेकून दिले नाहीत एवढ्यासाठी त्याला पैकीच्या पैकी.

(चंद्रपूर-वणीच्या कोळशात असलं काही मिळेल का, असं दोघांनी विचारलं. तो कोळसा पर्मियन काळातला, कार्बोनिफेरसच्या पुढचा. तेव्हा मेगान्युराच्या जमान्यातलं तिथे शोधू नका.)

आता काम. पॅरिसच्या संग्रहालयातल्या नमुन्याचा फोटो झेरॉक्सवाल्याकडून ए३ वर खऱ्या मापाचा करून घेतला. त्यावर वह्यांना घालायचं जाड पारदर्शक कव्हर ठेवलं. मुख्य शिरांपैकी उंचवट्यावरच्या लाल, खोलातल्या निळ्या पेनाने गिरवल्या. मग रिफिल संपलेल्या बॉलपेनाने लाल रेघा मागच्या बाजूने दाबायच्या आणि निळ्या पुढच्या बाजूने. पुढच्या कडेला मोटर वाइंडिंगची २० गेजची तांब्याची तार, बाकी सगळीकडे २८.

सगळा खेळ या उंच-खोलाचाच आहे. जुन्या कीटकांचा पंख सपाट कागद नव्हे, पन्हळी पत्रा असतो. पुढच्या कडेपासून मुख्य शिरा मोजत या, प्लस म्हणजे उंचवट्यावरची, मायनस म्हणजे खोलातली: कडेची कॉस्टा प्लस, तिच्यामागची सबकॉस्टा मायनस, रेडियसची पुढची शाखा प्लस, मागची मायनस, मीडियाची पुढची प्लस, मागची मायनस, क्युबिटसचंही तसंच. एक वर, एक खाली. दाबण्याआधी पंख मुळाशी धरला की भिजलेल्या पापडासारखा लोंबायचा. घड्या पडल्यावर त्याच प्लास्टिकचा पंख, तारेशिवाय, आडवा ताठ राहिला. लांबीत वाकत नाही, पण पीळ दिला तर फिरतो. उडायला नेमकं हेच लागतं.

आता घोटाळा. गॅलरीत ट्यूबलाइटखाली एक मेलेला चतुर सापडला. सहज म्हणून मोबाइलची टॉर्च तिरकी धरून त्याचा पंख पाहिला. सबकॉस्टा स्वच्छ खळगीत, तिच्यामागची रेडियस कण्यासारखी वर आलेली. पुस्तकात लिहिलंय तसंच. मग माझा पंख शेजारी धरला. सबकॉस्टा वर, रेडियस खाली. पोटात खड्डा पडला.

पहिला संशय दगडावर. थर फुटला की एकाच पंखाचे दोन ठसे मिळतात आणि दुसऱ्या ठशात उंचवट्याच्या जागी खळगी दिसते. पण फोटोबरोबरच्या वर्णनात सबकॉस्टा खोलातच होती. म्हणजे दगड बरोबर, मी चूक. रात्री साडेअकराला उलगडा झाला: मूळ फोटोत पंखाचं टोक डावीकडे आणि पुढची कड खाली होती. मला टोक उजवीकडे आणि कड वर हवी, म्हणून मी झेरॉक्स अर्धा फेरा फिरवला होता. जीवाश्मांच्या फोटोत प्रकाश वरून डावीकडून टाकायची पद्धत असते. कागद फिरवला आणि प्रकाश खालून यायला लागला. डोळ्यांना मात्र उजेड वरूनच येतो अशी सवय. त्यांनी गुपचूप सगळे उंचवटे खळग्या करून टाकले. चंद्राच्या विवरांचा फोटो उलटा धरून बघा, विवरांच्या टेकड्या होतात. हे मला माहीत होतं, हा खरा राग.

तीन आठवड्यांचं काम कचऱ्यात टाकायला उचललं, आणि उचलताना ते पालथं झालं. पालथ्या पंखात सबकॉस्टा खोलात, रेडियस वर. आकार मात्र आरशातला. मी उजवा पंख करत होतो, हातात डावा होता. अगदी बरोबर, प्लस-मायनससकट.

आडव्या शिरांबद्दल फार लिहीत नाही, त्या लिहिण्यापेक्षा मोजणं अवघड आणि मोजण्यापेक्षा चिकटवणं. एवढंच सांगतो की झटपट चिकटणारा गोंद कव्हरवर पांढुरका धूर धरतो. टोकाकडचे चार सेंटिमीटर त्यामुळे धुक्यात गेले आहेत. आता पातळ केलेला फेविकॉल टाचणीच्या टोकाने लावतो. वेळ लागतो, पण वाळल्यावर दिसत नाही.

एक जाता जाता. खेळण्यांतले आणि चित्रांतले बहुतेक मेगान्युरा म्हणजे चतुर घेऊन फुगवलेला असतो. पंखाच्या टोकाजवळ तो गडद ठिपका, पुढच्या कडेच्या मध्यावर ती गाठ. मेगान्युराला यातलं काहीच नव्हतं. आजच्या चतुराची सबकॉस्टा त्या गाठीपाशी संपते, याची तशीच टोकाच्या दिशेने लांब जाते. हे एवढं बघितलं तरी चित्र काढणाऱ्याने जीवाश्म पाहिलाय की नाही ते कळतं. एवढा मोठा का होता, ऑक्सिजन किती होता, यावर सगळीकडे चर्चा चालते. ठिपक्यावर कोणी बोलत नाही.

पुढे मागचे पंख, ते मुळाशी जास्त रुंद. पण आधी राहिलेला उजवा. झेरॉक्स तीच वापरणार, तशीच फिरवलेली. लाल आणि निळ्याची फक्त अदलाबदल करायची आहे.