आज क्रेतेयला जाऊन आले

पॅरिसची आठ नंबरची मेट्रो पकडून क्रेतेय या उपनगरातल्या, बायकांनी बनवलेल्या सिनेमांच्या फिल्म फेस्टिव्हलला गेले. १९७९ मध्ये जाकी ब्यूए आणि एलिझाबेथ त्रेआर या दोघींनी तो जवळच्या सो गावात सुरू केला. १९८५ पासून तो क्रेतेयला. ब्यूएबाईंनी चार दशकं तो सांभाळला! केवढी चिकाटी लागत असेल.

पण मला आज जास्त भावल्या त्या दारात प्रेक्षकांची मतं गोळा करणाऱ्या आजी. प्रत्येकीला थांबवून, ‘कसा वाटला?’ विचारत होत्या. माझं फ्रेंच अडखळलं, तरी घाई केली नाही त्यांनी. नीट ऐकून घेतलं.

परतताना मेट्रोतूनच आईला फोन लावला. अख्खा सिनेमा सांगितला तिला.