मार्लेची बटणं: चार नव्हे, दोन

जमलं एकदाचं. काल रात्री पावणेबाराला माझ्या छोट्या मॉडेल-नाट्यगृहातल्या मार्लेच्या भुताच्या कोटाची दोनच बटणं दिसली. तीन आठवडे चार दिसत होती.

मागच्या नोंदीत डिकन्सच्या ‘ख्रिसमस कॅरल’च्या पहिल्या रात्रीचं मॉडेल १:२५ मध्ये कापून झालं होतं: कंजूष स्क्रूजची खोली, शेकोटी, दोन विंगा, वरची झालर. उरलं होतं फक्त भूत, स्क्रूजच्या मेलेल्या भागीदाराचं, म्हणजे मार्लेचं. ‘दोन संध्याकाळचं काम’ असं मी तेव्हा लिहिलं होतं, ते कृपया विसरा.

बेत ‘पेपर्स घोस्ट’चा, म्हणजे पेपर नावाच्या माणसाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, काचेतल्या प्रतिबिंबातून भूत दाखवायच्या जुन्या युक्तीचा. काच ४५ अंशांत उभी, सात सेंटिमीटरचा मार्ले उजव्या विंगेत काळ्या खोक्यात लपलेला, त्याच्यावर उजेड पाडला की प्रतिबिंब खोलीत तरंगतं. काचेपासून मार्ले जितका लांब, तितकंच भूत काचेच्या मागे. मला ते खुर्चीपाशी हवं होतं, म्हणून बारा सेंटिमीटर. इथपर्यंत सगळं ठीक.

घोळ बटणांनी केला. डिकन्सच्या कथेत मार्लेचं शरीर इतकं आरपार आहे की स्क्रूजला त्याच्या वास्कटातून कोटाच्या पाठीवरची दोन बटणं दिसतात. आरशातलं भूत हे करत नाही. भुतातून खुर्ची दिसते, भिंत दिसते, पण भुताची स्वतःची पाठ दिसत नाही, कारण विंगेतला पुठ्ठ्याचा मार्ले ठोकळाच आहे. म्हणजे साधं प्रतिबिंब वापरलं तर लेखकाचा विनोद मेला.

म्हणून मार्ले ओएचपी शीटच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या, दोन थरांचा केला. पुढच्या थरावर चेहरा, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेला रुमाल आणि वास्कट. आठ मिलिमीटर मागे दुसऱ्या थरावर कोटाची पाठ आणि बटणं. पहिल्यांदा काळ्या शाईत प्रिंट काढून आणला आणि दिवा लावला तर काहीच नाही! काळ्यावरून उजेड परत येत नाही, म्हणून काळं म्हणजे इथे पोकळी. मग शून्य नंबरच्या ब्रशने पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाच्या रेघा ओढल्या, बटणं तेवढी भरीव केली. ती दिसली. चार.

कारण काचेऐवजी मी अ‍ॅक्रिलिक वापरलं होतं, आणि त्याला पुढचा-मागचा असे दोन पृष्ठभाग. दोन्हीवरून प्रतिबिंब पडतं. पुण्याच्या बोहरी आळीत ‘दोन एमएम’ म्हणून दिलेला तुकडा घरी व्हर्नियरवर, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या पट्टीवर, २.९ भरला. (व्हर्नियर खिशात घेऊन खरेदीला जा, लाजू नका.) त्या जाडीला दोन प्रतिमांत सव्वादोन मिलिमीटरचं अंतर पडतं. एवढ्या-तेवढ्याने काय होतं असं वाटेल, पण या मापात बटणच एक मिलिमीटरचं आहे. फोटोफ्रेमची दोन मिलिमीटरची काच लावली तरी दीड मिलिमीटर उरलं. त्यात इन्स्टंट ग्लूने अ‍ॅक्रिलिकच्या कडेला पांढरी बुरशी आल्यासारखी वाफ धरली. पारदर्शक वस्तूंजवळ तो गोंद आणूच नये, या मताचा मी आता कट्टर झालो आहे.

उपाय आईच्या शिवणाच्या डब्यात निघाला. भरतकामाची वीस सेंटिमीटरची रिंग, आणि तिच्यात फुलांच्या गुच्छाला गुंडाळतात तो पारदर्शक कागद ताणून बसवला. सुरकुत्या हेअर ड्रायर लांबून फिरवून काढल्या. जवळ नेला तर भोक पडतं, पडलं. कागद इतका पातळ की दोन प्रतिमा एकमेकींवर बसतात. रिंग गोल असल्यामुळे अगदी कडेच्या खुर्चीतून मार्लेचा खांदा कापला जातो, पण माझ्या नाट्यगृहात प्रेक्षक तीन. बसतील मधे.

आता उजेड. अशा कागदावरून साधारण दहा टक्केच उजेड परत येतो, म्हणजे खोली अंधारी हवी आणि मार्लेवर झोत. शेकोटीचा एलईडी जरा वाढवला की भूत गायब. मी रेझिस्टर बदलत बसलो होतो, आणि मग संहिता पुन्हा वाचली. स्क्रूजची शेकोटी त्या कडाक्याच्या थंडीत जेमतेम आहे, आणि अंधार स्वस्त पडतो म्हणून त्याला आवडतो. प्रकाशयोजना पात्राच्या कंजूषपणातच लिहून ठेवली आहे! रंगसूचना म्हणजे कंसातली ‘उजवीकडून प्रवेश’ एवढीच, असं मी आजवर समजत होतो.

डावं-उजवंही एकदा नडलं. रंगमंचावरचं डावं म्हणजे नटाचं डावं, हे पाठ होतं. पण प्रतिबिंबात ते पुन्हा उलटतं. मार्लेच्या साखळीला चोपड्या, कुलुपं, तिजोऱ्या लटकलेल्या असतात; साखळी तुळशीबागेतली, खोट्या दागिन्यांची, किल्ल्या स्टेपलरच्या पिनांच्या. एका चोपडीवर मी हौसेने ‘हिशेब’ लिहिलं आणि भुताच्या कमरेला ते उलटं लटकलं. खरवडून पुन्हा उलटं लिहिलं, आता सुलट आहे.

काल पुतणीला दाखवलं. तिने भुताकडे पाहिलंच नाही.

“काका, हा म्हातारा बघतोय कुठे?”

बरोबर होतं. माझा स्क्रूज विंगेतल्या खऱ्या मार्लेकडे बघत होता. भूत त्याच्या समोर, आणि तो तोंड फिरवून बसलेला, जणू जनान्तिक, म्हणजे इतर पात्रांना ऐकू न जाणारं बोलणं, चाललंय! पेपरच्या नटांनाही हेच सांभाळावं लागत असणार: रंगमंचावरून भूत दिसत नाही, ठरलेल्या खुणेकडे बघून दचकायचं. स्क्रूजची मान कापून तीस अंश फिरवली.

आणि आता नवी भानगड. तळाच्या पाटीवर मी ‘अ‍ॅडेल्फी, लंडन, फेब्रुवारी १८४४’ असं लिहिलंय, कारण पुस्तक १८४३च्या डिसेंबरात आलं आणि दीड महिन्यात एडवर्ड स्टर्लिंगचं नाट्यरूपांतर त्या नाट्यगृहात उभं राहिलं. पण पेपरने आपलं भूत लंडनच्याच रॉयल पॉलिटेक्निक या संस्थेत दाखवलं ते १८६२च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी. म्हणजे माझ्या अ‍ॅडेल्फीत अठरा वर्षं पुढचं यंत्र बसवलंय. पाटी बदलावी की भूत?

आधी वाटलं, पाटी. मग लिहिता लिहिता सुचलं: दारावरच्या कडीत मार्लेचा चेहरा उमटतो तो प्रसंग गॉझच्या, म्हणजे जाळीदार कापडाच्या, पडद्यावर करता येईल. पुढून उजेड तर कडी, मागून उजेड तर चेहरा. ती युक्ती १८४४ला जुनीच होती. मग कडी गॉझवर, खोलीतलं भूत कागदावर, आणि पाटीवरचं साल सरळ खोडून टाकायचं? की दोन मॉडेल? आईने रिंग परत मागितली आहे, तेव्हा आधी दुसरी रिंग.