हरणाएवढ्या जनावरासाठी गोळी कशी निवडावी

कॅलिबरवरून, म्हणजे नळीच्या इंचांतल्या व्यासावरून, तासन्‌तास वाद होतात आणि गोळी मात्र दुकानात समोर दिसेल ती उचलली जाते. .२४३ पासून .३०८ पर्यंत कुठलंही कॅलिबर हरणाला पुरतं. पाहायचं ते हे, की लागतानाच्या वेगाला गोळी नीट फुलते का, म्हणजे टोक चपटं होऊन रुंदावते का.

साध्या सॉफ्ट पॉइंट गोळीत पातळ कवचाच्या आत शिसं असतं. सेकंदाला साधारण १,८०० फूट वेग असेपर्यंत ती फुलते. अखंड तांब्याच्या गोळीला २,००० फूट धरून चाला. वेग त्याखाली गेला की ती न फुलता बारीक भोक पाडून आरपार जाते, रक्ताचा माग तुटक पडतो आणि जखमी जनावर हाती लागत नाही. .३०८ ची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) सॉफ्ट पॉइंट नळीतून २,८२० फुटांनी सुटली, तर ३०० यार्डांवर जेमतेम २,००० उरतात आणि ४०० वर १,८०० सुद्धा नाहीत. शिवाय खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा २४ इंची नळीचा असतो. नळी २० इंची असेल तर शंभरेक फूट आधीच वजा करा.

वेग फार असला तरी गडबडच. मॅग्नम (जास्त दारूच्या काडतुसाची) रायफल, पातळ कवचाची प्लास्टिक टोकाची गोळी आणि ५० यार्डांवरचं हरीण, असा योग आला की गोळी खांद्याच्या हाडावरच फुटते आणि मांस रक्ताळून वाया जातं. तिथे शिसं कवचाला चिकटवलेली बाँडेड गोळी किंवा तांब्याची घ्यावी.

वजनाचं सोपं आहे: .२४३ ला ९५-१००, .२७० ला १३०, .३०८ ला १५० किंवा १६५ ग्रेन. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि रायफलिंगचा, म्हणजे नळीतल्या खाचांचा, पीळ कमी पडला तर हवेत डगमगते. म्हणून तांब्यात एक पायरी खाली उतरा; .२४३ ला ८०-८५ पुरे. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या चालतच नाहीत.

फुल मेटल जॅकेट, म्हणजे टोकासकट धातूच्या कवचात बंद असलेली गोळी, नकोच. ती फुलत नाही आणि अनेक ठिकाणी शिकारीला तिची बंदीही आहे. मॅच, म्हणजे नेमबाजी स्पर्धेच्या, गोळीच्या टोकाचं छिद्र पाहूनही फसू नका, ते बनवण्याच्या पद्धतीतून राहिलेलं असतं, फुलण्यासाठी नव्हे.

माझं मत विचाराल तर २०० यार्डांच्या आत .३०८ वाल्याने महागड्या गोळीच्या मागे लागू नये. गोळीचा प्रकार बदलला की नळीतला तांब्याचा थर साफ करा, नळी थंड ठेवून तीन-तीन गोळ्यांचे गट झाडा आणि रायफलवरची दुर्बीण पुन्हा जुळवा. वजन तेच असलं तरी मार सरकतो.