गेम मास्टरचा अधिकार

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडूकडे एकच पात्र असते आणि उरलेले सगळे जग गेम मास्टरकडे असते. पहारेकरी फितूर होतो का, पुरातून नाव पैलतीराला लागते का, हे तो सांगतो आणि त्या टेबलापुरते तेच खरे ठरते. एवढी सत्ता एकाच्या हाती देऊनही डाव रंगतो, कारण काय पणाला लागले आहे हे चांगला गेम मास्टर फासा पडण्याआधी सर्वांना सांगतो आणि फासा पडल्यावर शब्द फिरवत नाही, असे माझे ठाम मत आहे.

हा अधिकार मुळात लष्करातून आला. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात दोन्ही बाजूंचे हुकूम पंचाकडे जात आणि कोणाला काय दिसते हे तोच ठरवी. तक्ते आणि हिशेब यांच्या ओझ्याने डाव रेंगाळतात, म्हणून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच खेळ चालवावा, असे १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हर्न्वा यांनी सुचवले. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ या डावात खेळाडूंना फौजांऐवजी एकेक व्यक्ती दिली, त्यांच्याच गटातील डेव्ह आर्नेसन यांनी ती कल्पना ‘ब्लॅकमूर’मध्ये वाढवली, आणि १९७४ मध्ये आर्नेसन व गॅरी गायगॅक्स यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग गेम बाजारात आला. नियमांचा धाक किती आणि पंचाची मुभा किती, हा प्रशियातला वाद अजून मिटलेला नाही.

नाशिकमध्ये आमचा गट रविवारी दुपारी इंदिरानगरला जमतो आणि सध्या आमचे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग कथा, रामशेजवर चालू आहे; गेम मास्टर मी आहे. औरंगजेबाच्या फौजेने १६८२ मध्ये वेढा घातल्यावर हा गड पाच वर्षांहून अधिक काळ झुंजला. समोर बसलेली माणसे आशेवाडीतून तो गड चढून आलेली आहेत, त्यामुळे मला सोयीचा कडा मनाला येईल तिथे उभा करता येत नाही आणि तयारीला बसण्याआधी गड नीट पाहावाच लागतो.

मध्यंतरी एका खेळाडूने, रात्री दोरावरून उतरून मोगलांच्या लाकडी दमदम्याला, म्हणजे तोफा चढवायच्या उंच मचाणाला, आग लावायची, असे ठरवले. मी आधीच सांगितले की फासा आणि कौशल्य मिळून बेरीज १५ व्हायला हवी, तिच्या कौशल्याचे ३ धरले जातील आणि फासा चुकला तर ती पडणार नाही, पण छावणीतला पहारा जागा होईल. वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा अधिक, म्हणजे ४५ टक्के संधी.

“दादा, वरून कोणी दोर सांभाळला तर?” तिने विचारले.

शेजारच्या खेळाडूने ती जबाबदारी घेतली, म्हणून मी १५ चे १३ केले. फासा ६ वर थांबला. पहारा जागा झाला, आणि तिला वर ओढायचे की दोर कापायचा हा निर्णय त्या शेजाऱ्यावर येऊन पडला. त्याने ओढायला सुरुवात केली आणि मशाली गडाकडे वळल्या.

कथा बिघडू नये म्हणून पडद्याआड फासा टाकून आकडा गुपचूप बदलणारे गेम मास्टर पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो हे मी मान्य करतो, तरी मला ते पटत नाही. दोर हाती धरणाऱ्याने खरा धोका पत्करलेला असतो आणि आकडा बदलला की त्याच्या धाडसाची किंमत आपण परस्पर काढून घेतो. दया दाखवायची असेल तर ती १५ चे १३ करताना, सर्वांसमोर दाखवावी.

वेढ्याच्या गोष्टीत उपासमार येते, छळ येतो. त्यासाठी आम्ही जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी रूढ केलेले एक्स-कार्ड टेबलावर ठेवतो. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच थांबतो आणि कारण विचारले जात नाही. तेवढ्यापुरता माझा अधिकार संपतो, आणि तो संपलाच पाहिजे.

तयारी करताना मी पुढची कथा लिहीत नाही, कोणाला काय हवे आहे तेवढे लिहितो. किल्लेदाराला पावसाळ्यापर्यंत तग धरायचा आहे, मोगल सरदाराला बादशहाची मर्जी सांभाळायची आहे. कोठारात किती दिवसांचे धान्य उरले आहे तो आकडाही वहीत लिहिलेला आहे, आणि खेळाडूंनी कोठार उघडले की त्यांना तोच मिळेल.