चार चेंडूंचं षटक

इंग्लंडचा गोलंदाज अल्फ्रेड शॉने पहिल्या कसोटीच्या पहिल्या डावात २२३ चेंडू टाकले. आमच्या तंबूतल्या स्क्रीनवर ३३३ दिसतात आणि ते मला अजून खुपतंय.

मी मैदानावरचा स्कोअरर. मार्च १८७७ मध्ये मेलबर्नला पहिली कसोटी झाली, तिला दीडशे वर्षं होणार म्हणून आमच्याकडच्या एका क्लबाने त्या सालाचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. बाकीचे फलक सोपे होते. २४ मार्चची ऑक्सफर्ड-केंब्रिज होड्यांची शर्यत बरोबरीत सुटली. जुलैमध्ये पहिलं विम्बल्डन झालं. बावीस जणांनी नावं दिली आणि स्पेन्सर गोर जिंकला. गोर मुळात क्रिकेटवाला, टेनिसविषयी त्याचं मत फारसं बरं नव्हतं. कसोटीचा धावफलक मात्र अ‍ॅपमध्ये भरून स्क्रीनवर दाखवायचा होता. त्यासाठी एक मुलगा दिला होता. हुशार, पण बेरीज कधी हाताने न केलेला.

शॉची षटकं ५५.३. अ‍ॅपने ती मुकाट घेतली आणि चेंडू दाखवले ३३३.

"काका, पंचावन्न गुणिले सहा अधिक तीन. बरोबरच आहे की."

"अरे, तेव्हा चार चेंडूंचं षटक होतं."

इंग्लंडात १८८९ पर्यंत चारच होते, मग पाच झाले, सहा आले १९०० साली. अ‍ॅपमध्ये पाच चेंडूंची सोय निघाली, चाराची नाही. शॉची ३४ षटकं निर्धाव आहेत. मी वहीत निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून मेडनचा एम काढतो, त्यामुळे असा आकडा बघितला की हात थबकतो. पण चार चेंडू निर्धाव टाकणं आणि सहा टाकणं यात फरक आहेच. स्क्रीन बघणाऱ्याला तो कसा कळणार?

ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स बॅनरमनच्या १६५ धावा. एकूण २४५ पैकी १६५! पूर्ण झालेल्या कसोटी डावात एवढा वाटा अजून दुसऱ्या कोणाचा नाही. युलियटचा चेंडू बोटावर बसला आणि तो जखमी होऊन परतला. धावफलकात त्याने खेळलेले चेंडू नाहीत आणि अ‍ॅप रकाना रिकामा ठेवू देत नाही. मुलाने शून्य टाकलं. शून्य चेंडूंत १६५. स्ट्राइक रेटच्या जागी काहीतरी विचित्र चिन्ह उमटलं, त्यावर आम्ही दोघेही हसलो.

हसणं टॅलीपाशी थांबलं. स्कोअररचं खरं काम तिथेच असतं. फलंदाजांच्या धावांत अवांतर मिळवायच्या. गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय आणि लेगबाय मिळवायचे. दोन्हीकडून आकडा एकच यायला हवा. एका धावेचा जरी घोळ असला तरी खेळाडू घरी गेल्यावर आम्ही दोन स्कोअरर तंबूत बसून षटक न् षटक तपासतो. अ‍ॅपवर लाल पट्टी आली : दोन धावांचा फरक.

मी पाठकोरा कागद घेतला. शॉ ५१, हिल ४२, युलियट ३६, सदरटन ६१, आर्मिटेज १५, लिलीव्हाइट १९, एमेट १३. बेरीज २३७. फलंदाजांच्या धावाही २३७. अवांतर आठ : चार बाय, दोन लेगबाय, दोन वाइड. झाले २४५. चोख. वाइडच्या धावा गोलंदाजाच्या नावावर लावायची पद्धत तेव्हा नव्हतीच, ती आपल्या काळातली. अ‍ॅप आजच्या नियमाने गोलंदाजांकडून २३९ मागत होतं. मेलबर्नच्या स्कोअररची बेरीज कागदावर जुळली तेव्हा, खरं सांगतो, शेजारच्या खुर्चीत बसलेल्या जोडीदाराची जुळावी तसा आनंद झाला.

"काका, दोन धावा आर्मिटेजवर टाकू या. तीनच षटकं आहेत त्याची. कोणाला कळतंय?"

त्याला दोष देत नाही. लाल पट्टी घालवायची हेच त्याला शिकवलंय. पण क्लबाचे एक पदाधिकारीही मान डोलवत म्हणाले, "चालेल हो. लोक कुठे बेरीज करायला बसलेत?" आयुष्यभर मैदानावर वावरलेला माणूस हे बोलतो! पंचाचा इशारा आला की मी हात वर करून पोच देतो, ती काय लोक बघतात म्हणून?

मी आर्मिटेजला हात लावू दिला नाही. ३३३ ही चूक ढळढळीत आहे, जाणकार पकडेल. त्या दोन धावा घातल्या असत्या तर टॅली जुळून हिरवी पट्टी आली असती आणि चूक कायमची आत दडली असती. पदाधिकाऱ्यांना मात्र लाल पट्टीपेक्षा खोटा आकडा बरा वाटतो, आणि ते माझ्या काही पचनी पडत नाही.

तडजोड म्हणून स्क्रीनखाली मी हाताने लिहिलेला धावफलक लावायचं ठरलंय, षटकाचे चेंडू चार असं वरच ठळक लिहून. मुलाने अ‍ॅपवाल्यांना चार चेंडूंची सोय द्या असं कळवलं. "आपली सूचना नोंदवली आहे," असं उत्तर आलं. इंग्लंडचा पहिला डाव, १९६ धावांचा, उद्या भरायचा आहे.