प्रशांत महासागरातलं बेट

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी फोन आला तेव्हा विषय सांगितला गेला, ‘शाळेनं मला काय दिलं’. मी हिशेब तपासून पोट भरते. देण्याघेण्याची गोष्ट निघाली की माझं लक्ष आधी थकबाकीकडे जातं. शाळेची माझ्याकडे एक थकबाकी आहे, ग्रंथालयातला एक जाडजूड नकाशासंग्रह. तो मी पळवला नाही, नासवला.

आठवीत होते. चित्रकलेच्या तासाला तो बाकावर उघडा पडला होता, कशासाठी ते आता आठवत नाही. ब्रश धुवायचं भांडं माझ्या कोपरानं लवंडलं आणि प्रशांत महासागराच्या मधोमध तपकिरी पाणी पसरलं. वहीच्या कागदानं टिपायला गेले तर आणखीच पसरलं. सर आले तोवर माझा चेहरा रडवेला झाला होता. सरांनी मान तिरकी करून डागाकडे पाहिलं, पुस्तक फिरवून दुसऱ्या बाजूनं पाहिलं आणि विचारलं, “बेट चांगलं झालंय. बंदर कुठे करशील?”

उरलेला तास मी त्या बेटाचा किनारा मोठ्या कागदावर उतरवण्यात घालवला. दक्षिणेला एक चिंचोळी खाडी होती, तिथे बंदर केलं. डाग वाळत आला तसा रंग कडेला साचून गडद झाला. ती मी डोंगरांची रांग धरली.

सर वर्गात पुस्तकांची नावं कधी घेत नसत. कलेवर व्याख्यान तर नाहीच. ते फक्त काहीतरी करायला लावत आणि का, ते सांगत नसत. त्याचा तेव्हा रागही यायचा. शाळा सुटल्यावर, पगार हातात येऊ लागल्यावर, मी कलेवरची पुस्तकं जमवायला लागले आणि एकेका पुस्तकात सर आधीच येऊन बसलेले दिसू लागले.

पहिल्यांदा भेटले ते लिओनार्दो दा विंचीच्या टिपणवह्यांत. ओल आलेल्या, डाग पडलेल्या भिंतीकडे बघत राहा, त्यात डोंगर, नद्या, लढाया, माणसांचे चेहरे दिसतील, असा सल्ला त्यानं चित्रकारांना दिला आहे. मी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले. या टिपणवह्या सलग वाचायच्या नसतात. मध्येच कुठेही उघडाव्यात. पाण्याचे भोवरे, घोड्याचे पाय, सावलीच्या कडा, सगळं शेजारी शेजारी नांदत असतं.

एकदा सरांनी फळ्यावर खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याचं रेखाचित्र उलटं टांगलं, पाय वर, डोकं खाली. “असंच काढा. कागद फिरवायचा नाही.” आम्ही हसत सुटलो. तासाच्या शेवटी कागद सुलटे केले आणि वर्ग गप्प झाला. ज्यांना नाक कधी जमलं नव्हतं त्यांचंही नाक जमलं होतं. बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ सालच्या ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’मध्ये हाच सराव आहे, पिकासोनं काढलेलं संगीतकार स्त्राविन्स्कीचं रेखाचित्र उलटं ठेवून. सुलटं चित्र काढताना आपण डोळा काढत नाही, ‘डोळा’ या शब्दाचं चिन्ह काढतो. उलट्या चित्रात शब्द सुचत नाहीत, नुसत्या रेषा आणि त्यांच्यामधली अंतरं उरतात. मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंची जी मांडणी बाईंनी केली आहे ती शास्त्रज्ञांना फार सोपी वाटते, ती मीही सोडून दिली. सराव मात्र एकही सोडू नका. सरांनी हे पुस्तक वाचलं होतं की त्यांचं त्यांनाच सुचलं होतं, हे विचारायचं राहून गेलं.

योझेफ आल्बेर्स यांच्या ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’चंही (१९६३) तेच. रंगाचं पुस्तक, पण ते विद्यार्थ्यांना रंगवायला लावत नाहीत, रंगीत कागद कापायला लावतात. एकाच राखाडी कागदाचे दोन तुकडे घ्या. एक काळ्या कागदावर ठेवा, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसतो, पांढऱ्यावरचा मळकट. मी हे माझ्या मुलीला दाखवलं तर ती पैज लावायला तयार झाली की तुकडे वेगळे आहेत. तुकडे उचलून एकमेकांवर ठेवले तेव्हा म्हणाली, “परत कर.” सात-आठ वेळा केलं. डोळ्यांना सत्य कळूनही ते फसत राहतात, याचा तिला आनंद झाला. मला, हिशेब तपासनीस म्हणून, थोडी भीती वाटली.

सर आम्हाला अधूनमधून गाण्याच्या वर्गाबाहेर उभं करत. चित्रकलेच्या तासाला! “ऐका आणि या.” याचा खुलासा तर थेट विष्णुधर्मोत्तर पुराणात सापडला. त्याच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती कशी घडवावी ते विचारतो. मार्कंडेय म्हणतात, चित्र कळल्याशिवाय मूर्ती कळणार नाही. मग चित्र शिकवा. नृत्त, म्हणजे नाच, कळल्याशिवाय चित्र कळणार नाही. मग नृत्त. त्याला वाद्य यायला हवं. मग वाद्य. त्याला गाणं यायला हवं. मूर्ती मागायला आलेला राजा गाण्यापाशी जाऊन पोचतो. या ग्रंथातला चित्रसूत्राचा भाग अनुवादासह मिळतो. प्रमाणांची कोष्टकं कंटाळवाणी आहेत, पण हा एक संवाद तरी वाचाच.

जॉन बर्जर यांचं ‘वेज ऑफ सीइंग’ (१९७२) या रांगेत बसत नाही, कारण ते डोळ्यांचा सराव देत नाही, डोळ्यांवर संशय घ्यायला शिकवतं. सात निबंधांपैकी तीन नुसत्या चित्रांचे, शब्द नाहीत. एका पानावर शेत आणि त्यावरून उडणारे पक्षी. थोडा वेळ बघा आणि पान उलटा, म्हणतात. पुढच्या पानावर तेच चित्र, खाली एक ओळ, व्हॅन गॉगनं आत्महत्येपूर्वी काढलेलं हे शेवटचं चित्र. लगेच आभाळ काळवंडतं, पक्ष्यांचे कावळे होतात. गंमत अशी की ते त्याचं शेवटचं चित्र नव्हतं असं आता अभ्यासक सांगतात, शेवटचं म्हणून झाडांच्या मुळांच्या चित्राकडे बोट दाखवतात. ओळ चुकीची ठरली तरी बर्जर यांचा मुद्दा त्यामुळे उलट पक्काच झाला.

व्हॅन गॉगची पत्रं मात्र कोणत्याही भाषेत, कोणत्याही निवडीत मिळाली तरी घ्या. त्याची आठशेच्या वर पत्रं उरली आहेत, त्यातली साडेसहाशेहून अधिक भाऊ थिओला लिहिलेली. दोघंही गेल्यावर थिओची पत्नी यो हिनं ती लावली आणि १९१४ मध्ये छापून आणली. लोक त्यात वेड शोधतात. मला सापडला तो हिशेब. रंगाच्या नळ्या किती, कॅनव्हास किती लागेल, पैसे कधी पोचले, मॉडेलला काय दिलं, आणि मध्येच चालू चित्राचं छोटं रेखाटन. खर्चाच्या यादीला लागूनच निळ्याशेजारी पिवळा का हवा, याचा विचार. माझ्या व्यवसायात इतक्या प्रामाणिक नोंदी मी कमी पाहिल्या आहेत.

आता जर्मन भाषेतला कवी रिल्के याची गोष्ट, कारण ती माझ्या अंगावर आलेली आहे. महाविद्यालयात असताना मी कविता लिहीत होते. एका नियतकालिकाकडे पाठवलेल्या चारही कविता एका ओळीच्याही निरोपाशिवाय परत आल्या. त्याच सुमारास ‘लेटर्स टू अ यंग पोएट’ हाती आलं. फ्रान्झ काप्पुस हा लष्करी शाळेतला १९ वर्षांचा मुलगा रिल्केला कविता पाठवतो आणि १९०३ ते १९०८ या काळात त्याला दहा उत्तरं येतात. रिल्के स्वतः तेव्हा जेमतेम २७ वर्षांचा. कविता चांगल्या आहेत का, या प्रश्नावर तो फार थांबत नाही. रात्रीच्या अगदी शांत प्रहरी स्वतःला विचार, म्हणतो, मला लिहिलंच पाहिजे का?

मी विचारलं. खरोखर दिवा मालवून, उठून बसून विचारलं. उत्तर आलं, नाही. फार सुटल्यासारखं वाटलं आणि गाढ झोप लागली. हे पुस्तक वाचून कवी झालेले पुष्कळ असतील, कवी व्हायचं टळलेली मी एक. त्याच पत्रांत तो काप्पुसला कलेवरची समीक्षा शक्यतो कमीच वाच असंही बजावतो. हा लेख त्याला आवडला नसता.

जूलिया कॅमेरन यांच्या ‘द आर्टिस्ट्स वे’चा (१९९२) बोलबाला मोठा आहे. बारा आठवड्यांचा क्रम, त्यातला रोज सकाळी उठल्याबरोबर हातानं तीन पानं, मनात येईल ते लिहिण्याचा भाग उपयोगी, बाकी पाल्हाळ. मी चार महिने लिहिलं. बहुतेक पानांवर झोप पुरली नाही एवढंच आहे. अ‍ॅन लामट यांचं ‘बर्ड बाय बर्ड’ (१९९४) मला जास्त जवळचं. त्यांच्या दहा वर्षांच्या भावाला पक्ष्यांवर लिहायला तीन महिने मिळाले होते, आणि आदल्या दिवशी तो कोऱ्या कागदांपुढे रडकुंडीला आला होता. वडिलांनी सांगितलं, एकेक पक्षी घे. हे मनोगत द्यायला मला दोन महिने मिळाले होते. आज शेवटची तारीख आहे.

मराठीतली दोन सांगते. वास्तुकार माधव आचवल यांचं ‘किमया’ वाचल्यावर काही दिवस मी खोलीत शिरताना दारात थांबायचे. उजेड कुठून येतो आणि कुठे संपतो, ते बघायला. आणि चित्रकार प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’. चित्र काढणारा माणूस चित्राआधी काय विचार करतो, ते इतक्या साध्या मराठीत मी दुसरीकडे वाचलं नाही. हे हळू वाचावं लागतं. एका बैठकीत तीन-चार पानं झाली तरी पुष्कळ.

सरांना यातलं एकही पुस्तक दाखवायचं जमलं नाही. शाळा सोडल्यावर भेट झाली ती एकदाच, रस्त्यात, घाईत. त्यांनी विचारलं, “बंदरात जहाजं लागतात का अजून?” मला क्षणभर कळलंच नाही ते कशाबद्दल बोलताहेत. कळलं तेव्हा ते वळणावरून पुढे गेले होते.

महोत्सवाला येणार आहे तेव्हा ग्रंथालयात जाईन म्हणते. तो नकाशासंग्रह रद्दीत गेला नसेल तर प्रशांत महासागराचं पान उघडून पाहा, विषुववृत्ताच्या जरा खाली. बेट सापडलं तर कपाटाबाहेर काढून ठेवा. दंड तेव्हा कोणी लावलाच नव्हता, काय होईल तो भरते.